५ जीबी मोकळी दिसते तरी कर्नल १ एमबी काहून देत नाही?

बुटीबोरी_ड्रायव्हर

भाऊ लोक, डोकं बंद पडलं म्हणून इथं टाकून राहिलो. बुटीबोरीत एका प्लांटमध्ये आमचं डेटा अ‍ॅक्विझिशनचं पीसीआय कार्ड लागलंय, त्याचा लिनक्स ड्रायव्हर आता माझ्या गळ्यात आहे. आधीचा पोरगा पुण्याला गेला, कोड ठेवून गेला आणि कॉमेंट्स सोबत घेऊन गेला. मशीन ८ जीबीचं, उबुंटू २२.०४, कर्नल (लिनक्सचा गाभा) ५.१५.

होते असं की मशीन सुरू झाल्या झाल्या मॉड्यूल (ड्रायव्हरची कर्नलमध्ये घालायची फाइल) मस्त लोड होते, कार्ड चालते, सगळं चांगलं. पण मशीन दोन-तीन दिवस चालू राहिलं आणि मग कॉन्फिग बदलायला मॉड्यूल काढून परत घातलं की इन्समॉड (मॉड्यूल घालायची कमांड) तोंडावर फेकते, ‘कॅनॉट अलोकेट मेमरी’. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) हे:

पेज अलोकेशन फेल्युअर: ऑर्डर:९, मोड: जीएफपी_कर्नल | जीएफपी_कॉम्प | जीएफपी_झिरो

आणि तेव्हाच फ्री कमांड मारली तर अव्हेलेबलच्या खाली ५ जीबी! मागतो किती, तर १ एमबीचा रिंग बफर (गोल फिरून परत भरत जाणारी डेटाची जागा). कोड साधा आहे, केझॅलॉकनं (शून्य भरून मेमरी देणारा केमॅलॉक) मागतो:

बफ = केझॅलॉक(साइझऑफ(*बफ), जीएफपी_कर्नल);

एका मित्रानं सांगितलं जीएफपी_अ‍ॅटॉमिक टाक, त्याला जास्त प्रायॉरिटी असते, ते टाकलं तर अजूनच लवकर फेल व्हायला लागलं. साहेब म्हणून राहिले रात्री क्रॉन लावून मशीन रीस्टार्ट करत जा. प्लांट रात्रपाळीतही चालू असते, तिथं रीस्टार्ट कसं करणार. कोणी नीट सांगा ना, मेमरी असून मिळत काहून नाही?

सदरचा_सी

व्हीमॅलॉक टाक ना बे. विषय संपला.

पेंग्विन_काका

विषय असा संपत नसतो राजा. त्या बफरमध्ये लिहितं कोण, हे त्यानं सांगितलंच नाही आणि तू औषध देऊन मोकळा.

बुटीबोरीवाल्या, आधी तुझ्या लॉगकडे बघ. तू म्हणतो १ एमबी, लॉग म्हणते ऑर्डर ९. कर्नलचा पेज अलोकेटर म्हणजे बडी अलोकेटर, तो मेमरी दुपटीदुपटीनं वाढणाऱ्या तुकड्यांतच देतो. ऑर्डर ० म्हणजे एक पेज, ४ केबी. ऑर्डर १ म्हणजे ८ केबी, असं दुप्पट दुप्पट करत गेलं की ऑर्डर ८ ला २५६ पेजेस होतात, म्हणजे नेमकी १ एमबी. ऑर्डर ९ म्हणजे २ एमबी. मग तुझी १ एमबीची मागणी २ एमबीची कशी झाली? माझा अंदाज, तुझ्या स्ट्रक्टमध्ये डेटाच्या अ‍ॅरेच्या आधी हेड, टेल (रिंगमध्ये कुठवर लिहिलं-वाचलं ते), एखादा स्पिनलॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) असं काहीतरी असेल. ते पन्नास-साठ बाइट १ एमबीच्या वर गेले की पुढचा पूर्ण तुकडाच लागतो. म्हणजे जवळपास १ एमबी नुसती वाया, आणि वरून एवढा मोठा सलग तुकडा शोधायची झंझट वेगळी. स्ट्रक्ट वेगळं घे, डेटा वेगळा घे, एवढ्यानंच मागणी अर्धी होते.

आता काहून मिळत नाही ते. केमॅलॉक जी मेमरी देतो ती फिजिकली सलग असते. एकूण किती मोकळी आहे ह्याच्याशी त्याला घेणंदेणं नाही, एका रांगेत किती मोकळी आहे ते पाहतो. दिवाळीत विदर्भ एक्सप्रेसमध्ये चार्ट लागल्यावर टीटीईला विचारा, गाडीभर मिळून वीस बर्थ रिकामे निघतील पण तुमच्या सात जणांना एका जागी सलग सात म्हटलं तर मान हलवतो. मशीन नुकतं सुरू झालं तेव्हा डबे रिकामे असतात म्हणून तुला सगळं मिळते. दोन दिवसांत पेज कॅश (फाइलींचा रॅममधला साठा), इनोड, डेंट्री (फाइलींच्या नोंदी), सॉकेटचे बफर सगळीकडे पसरून बसतात.

आणि अव्हेलेबलचा आकडा पाहून खूश होऊ नको. त्यात पेज कॅशचा मोठा वाटा धरलेला असतो, म्हणजे गरज पडली तर रिकामी करता येईल अशी मेमरी. आता ह्या क्षणी खरंच मोकळी किती आणि कोणत्या आकाराच्या तुकड्यांत, ते पाहायचं तर प्रॉकमधली बडीइन्फो फाइल कॅट कर. फेल झाल्या झाल्या कर आणि इथं टाक.

मित्राला सांग की जीएफपी_अ‍ॅटॉमिकचा अर्थ ‘अर्जंट आहे, पहिले मला दे’ असा घ्यायचा नसतो. त्याचा अर्थ, मी अशा जागी उभा आहे की मला झोपता (थांबून वाट पाहता) येत नाही. इंटरप्ट हँडलरमध्ये (हार्डवेअरनं हाक मारली की चालणाऱ्या कोडमध्ये), स्पिनलॉक हातात असताना. मग अलोकेटर थांबून कॅश रिकामी करू शकत नाही, पेजेस सरकवून जागा सलग करू शकत नाही, फार तर मागे केस्वॉपडीला (मेमरी रिकामी करणाऱ्या कर्नलच्या थ्रेडला) उठवतो आणि राखीव साठ्यातून थोडं देता आलं तर देतो. मोठ्या ऑर्डरला तर जास्तच लवकर नाही म्हणणार. तेच झालं तुझ्याकडे. प्रोबमध्ये (ड्रायव्हर कार्डाला जोडताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये) तू आरामात झोपू शकतो, तिथं जीएफपी_कर्नलच बरोबर होतं.

बुटीबोरी_ड्रायव्हर

काका दंडवत. स्ट्रक्ट उघडून पाहिलं, अ‍ॅरेच्या वर हेड, टेल, एक स्पिनलॉक, एक वेट क्यू, सगळं ठाण मांडून आहे.

बडीइन्फो, झोन नॉर्मलची (मेमरीच्या मुख्य भागाची) ओळ, फेल झाल्यावर लगेच घेतलेली:

४१२०३ १८७७० ६०२१ ९१४ ८७ ११ २ ० ० ० ०

डीएमए३२ च्या ओळीतपण मागच्या साइडला शून्यच शून्य.

लिहितं कोण: कार्ड डीएमए करते (सीपीयूला मध्ये न घेता थेट मेमरीत लिहिते) पण ते वेगळ्या १६ केबीच्या तुकड्यांत, ते डीएमए_अलोक_कोहेरंटनं घेतलेले आहेत. इंटरप्ट आला की हँडलर त्यातून डेटा उचलून ह्या मोठ्या रिंगमध्ये मेमकॉपी करते, आणि युजरस्पेसचा प्रोग्राम रीड करून घेऊन जाते. म्हणजे मोठ्या बफरला कार्ड हात लावत नाही.

पेंग्विन_काका

वा, हे आधी सांगायचं होतं, अर्धा निबंध वाचला असता.

ओळ वाच. डावीकडून ऑर्डर ० पासून ऑर्डर १० पर्यंत अकरा रकाने. ४ केबीचे तुकडे एकेचाळीस हजार आहेत, पण ऑर्डर ७ पासून पुढे भोपळा. गुणाकार करून बेरीज मारली तर ह्या झोनमध्ये साधारण ४३७ एमबी मोकळी निघते, आणि त्यात सगळ्यात मोठा सलग तुकडा २५६ केबीचा. तुला पाहिजे २ एमबी.

कर्नल अशा वेळी प्रयत्न करतच नाही असं नाही, पण किती करायचा ह्याला हद्द आहे. सोर्समध्ये पेज_अलोक_कॉस्टली_ऑर्डर म्हणून आकडा आहे, ३. म्हणजे ३२ केबीपर्यंतच्या मागणीला जीएफपी_कर्नल असेल तर अलोकेटर जिवाचं रान करतो, वेळ पडली तर ओओएम किलर सोडून एखाद्या प्रोसेसचा बळी देतो पण तुला पेज देतो. त्याच्या वर गेलं की थोडी कॅश झाडून पाहतो, थोडं कॉम्पॅक्शन (पेजेस सरकवून जागा सलग करणं) करून पाहतो, नाही जमलं तर सरळ नल (रिकामा पॉइंटर). ओओएम किलर ह्या मोठ्या मागण्यांसाठी चालवतच नाहीत, कोणाला मारून सलग जागा मिळेल ह्याची खात्री काय? म्हणून तुझ्याकडे कोणी मेलं नाही, फक्त इन्समॉड फेल झालं.

(छोट्या मागण्या सहसा फेल होत नाहीत म्हणून नल चेक करायचा नाही, असं कोणी शिकवत असेल तर त्याच्यापासून दूर राहा.)

तुझ्यासाठी केव्हीझॅलॉक, म्हणजे शून्य भरून देणारा केव्हीमॅलॉक. २०१७ मध्ये कर्नल ४.१२ पासून हे कुटुंब आलं, त्याच्या आधी जो तो आपल्या ड्रायव्हरमध्ये ‘केमॅलॉक करून पाहा, नाही तर व्हीमॅलॉक’ असं हातानं लिहीत बसायचा आणि निम्मे चुकायचे. केव्हीमॅलॉक तेच करतो. मागणी एका पेजपेक्षा मोठी असेल तर आधी गुपचूप सलग मागून पाहतो, जास्त ओढाताण करत नाही, डीमेसेजमध्ये बोंब मारत नाही, आणि नाही मिळाली की व्हीमॅलॉककडे जातो. व्हीमॅलॉक सुटी सुटी पेजेस गोळा करून पेज टेबलमध्ये एका रांगेत मॅप करून देतो, कोडला पत्ता सलगच दिसतो. तुझ्याकडे एकेचाळीस हजार सुटी पेजेस पडली आहेत, तुला लागतात २५६.

सोडताना केव्हीफ्री. केफ्री नाही! केव्हीमॅलॉकनं दिलेला पॉइंटर कोणत्या घरचा आहे ते तुला माहीत नसते, आणि व्हीमॅलॉकच्या पत्त्यावर केफ्री मारला तर कर्नल तिथंच कोसळतो. गंमत म्हणजे टेबलवर टेस्टिंग करताना मेमरी ताजी असते, केमॅलॉकच लागतो, केफ्री चालून जाते. मग प्लांटवर उडते.

सदरचा_सी

म्हणजे मी बोललो तेच ना शेवटी 😄

पेंग्विन_काका

बंद घड्याळ पण दिवसातून दोनदा बरोबर वेळ दाखवते बाबू. त्याचं कार्ड थेट त्या बफरमध्ये डीएमए करत असतं तर तुझ्या व्हीमॅलॉकनं काय केलं असतं सांग. व्हीमॅलॉकच्या पत्त्यावर व्हर्ट_टू_फिज (फिजिकल पत्ता काढणारं फंक्शन) मारला की कचरा पत्ता येतो, कार्ड तिकडे बिनधास्त लिहून येते, आणि मग भलत्याच कोणाचा तरी डेटा बिघडतो, तुम्ही आठवडाभर रॅम बदलत बसता. डीएमएसाठी डीएमए एपीआयच. मोठं पाहिजे आणि मध्ये आयओएमएमयू (डिव्हाइसचे पत्ते बदलून देणारं हार्डवेअर) असेल तर विखुरलेली पेजेसही डिव्हाइसला सलग दाखवता येतात, नसेल तर बूटच्या वेळी सीएमएला (सलग मेमरीच्या राखीव भागाला) जागा राखून ठेव, नाही तर कार्डाला स्कॅटर-गॅदर (विखुरलेल्या तुकड्यांत डीएमए) येते का पाहा.

रूट_ताई

काकांशी सहमत, पण माझी नजर दुसरीकडे गेली. बुटीबोरी_ड्रायव्हर दादा, इंटरप्ट हँडलरमध्ये फक्त मेमकॉपीच आहे का? कारण असले वारशात मिळालेले ड्रायव्हर मी पाहिलेत, एक रोग सापडला की शेजारी दुसरा असतोच. हँडलरमध्ये कुठं केमॅलॉक असेल तर दाखवा.

बुटीबोरी_ड्रायव्हर

ताई तुम्ही आमच्या ऑफिसात येऊन कोड वाचून गेल्या का? आहे ना. प्रत्येक इव्हेंटला एक नोड केमॅलॉक करते जीएफपी_अ‍ॅटॉमिकनं, ५२० बाइटचं स्ट्रक्ट, आणि लिस्टला जोडते. लोड जास्त असला की कधी कधी नल येते, तेव्हा इव्हेंट ड्रॉप. कॉमेंट नाही पण एक काउंटर ठेवलाय, तो वाढत असते. मला वाटलं हे असंच असते.

रूट_ताई

हो, इथं जीएफपी_अ‍ॅटॉमिक लागतंच, इंटरप्टमध्ये दुसरा मार्ग नाही. केव्हीमॅलॉक तर इथं अजिबात चालणार नाही, ते झोपू शकतं. पण प्रश्न असा की इंटरप्टमध्ये मेमरी मागायचीच कशाला. राखीव साठा छोटा असतो, नेटवर्कवाले पण त्याच्यावरच तुटून पडलेले असतात, दोघांचा लोड एकदम वाढला की तुमचा नोड गेला.

आणि ५२० हा आकडा फार वाईट जागी पडलाय. केमॅलॉक बाइट मोजून देत नाही, त्याचे ठरलेले डबे आहेत: ८, १६, ३२, ६४, ९६, १२८, १९२, २५६, ५१२, मग १ केबी, २, ४, ८ केबी. त्याच्या वर गेलं की मधला स्लॅबवाला (पेजेस कापून हे डबे बनवणारा) बाजूला होतो आणि मागणी थेट पेज अलोकेटरकडे जाते, जसा तुमचा मोठा बफर गेला. ५२० बाइट ५१२ मध्ये मावत नाही म्हणून १ केबीच्या डब्यात जातो. आठ बाइटपायी निम्मा डबा रिकामा. त्या स्ट्रक्टमधून एक पॉइंटर किंवा एक टाइमस्टॅम्प काढता आला तर बघा, ५१२ मध्ये बसेल.

नाहीच निघत तर केमेम_कॅश_क्रिएट करून आपल्या मापाचा वेगळा कॅश करा. हिशेब करून बघा, ३२ केबीचा एक स्लॅब धरला तर १ केबीच्या डब्यात ३२ नोड बसतात, आणि ५२० च्या मापानं कापला तर ६३. कर्नलमध्ये टास्क_स्ट्रक्ट, डेंट्री, इनोड सगळ्यांचे असे आपापले कॅश आहेत, स्लॅबटॉप लावला की दिसतात.

पण मी असते तर हेही केलं नसतं. तुमच्याकडे किती नोड एका वेळी हवेत याची कमाल मर्यादा माहीत असेलच, रिंगचाच आकार ठरलेला आहे. तेवढ्या नोडचा एक अ‍ॅरे प्रोबमध्येच केव्हीकॅलॉकनं घेऊन ठेवायचा आणि एक फ्री लिस्ट. हँडलर तिथून उचलेल, रीडवाला परत ठेवेल. लिस्टला स्पिनलॉक लागेल, रीडच्या बाजूनं आयआरक्यूसेव्हवाला (इंटरप्ट बंद ठेवून घेणारा). संपलेच नोड तर ड्रॉप होईल, पण ते तुमच्या हिशेबानं होईल, शेजारच्या नेटवर्क कार्डाच्या मूडवर नाही.

केव्हीकॅलॉक मुद्दाम म्हणतेय. संख्या गुणिले साइझ असा गुणाकार हातानं करून केव्हीझॅलॉकला देऊ नका, विशेषतः ती संख्या आयओसीटीएलमधून (डिव्हाइसला हुकूम द्यायच्या सिस्टिम कॉलमधून) युजर देत असेल तर. गुणाकार ओव्हरफ्लो झाला की छोटा बफर मिळतो आणि कोड मोठा समजून लिहीत सुटतो. अ‍ॅरेवाले फंक्शन ते तपासून नल देतात.

धंतोलीचा_बग

मध्येच विचारतो, स्लॅब, स्लब, स्लॉब हे तीन काय भानगड आहे? कॉलेजात सरांनी तीन शिकवले आणि माझ्या कर्नलच्या कॉन्फिगमध्ये दोनच दिसून राहिले.

पेंग्विन_काका

नवीन कर्नलमध्ये एकच राहिलाय. मूळ कल्पना जेफ बॉनविक यांची, सनच्या सोलारिससाठी, १९९४ चा पेपर आहे. लिनक्सनं ती उचलली तो स्लॅब. मग २००७ मध्ये २.६.२२ ला क्रिस्टोफ लामेटर यांचा स्लब आला, रांगा आणि यादींचा पसारा कमी केला, आणि पुढच्याच व्हर्जनपासून डिफॉल्ट झाला. स्लॉब चिमुकल्या एम्बेडेड मशीनसाठी होता. ६.४ मध्ये स्लॉब काढला, ६.८ मध्ये स्लॅब. केमॅलॉक वापरणाऱ्याला ह्यानं काडीचा फरक पडत नाही, इंटरफेस तोच राहिला. सरांच्या नोट्स जुन्या आहेत एवढंच, परीक्षेत मात्र तीनच लिहा.

सदरचा_सी

काका मग एक सांगा, तो कॉम्पॅक्ट_मेमरीमध्ये (कॉम्पॅक्शन हातानं चालवायच्या प्रॉकमधल्या फाइलमध्ये) १ एको केलं तर? आमच्या इथं एक जण इन्समॉडच्या आधी स्क्रिप्टमध्ये तेच करते. चालते.

पेंग्विन_काका

आज चालते. कॉम्पॅक्शन सरकवू शकते ती युजर प्रोसेसची आणि पेज कॅशची पेजेस. कर्नलनं स्वतः स्लॅबसाठी घेतलेली पेजेस सहसा जागची हलत नाहीत, कारण त्यांचे पत्ते कोणाकोणाकडे पॉइंटरमध्ये लिहिलेले आहेत ते शोधून बदलणं जमत नाही. अशी चार पेजेस चार ठिकाणी रुतून बसली की तिथं २ एमबी सलग होणं विसरा. पॅच यायला वेळ असेल तर प्लांट चालवायला तेवढ्यापुरता हा उपाय ठेव, मी नाही म्हणणार नाही.

बुटीबोरी_ड्रायव्हर

केलं. हेडरचं स्ट्रक्ट वेगळं, ते डेव्हएम_केझॅलॉकनं. डेटा केव्हीझॅलॉकनं. ताईंच्या सांगण्याप्रमाणे नोडचा पूल प्रोबमध्ये. टेस्ट मशीनवर मुद्दाम मोठमोठ्या फाइल कॉपी करून, पाच-सहा ब्राउझर उघडून मेमरीची पार वाट लावली, बडीइन्फोत मागचे रकाने शून्य झाले आणि मग मॉड्यूल घातलं. घुसलं! प्रॉकमधल्या व्हीमॅलॉकइन्फोमध्ये आमच्या फंक्शनचं नाव दिसून राहिलं, म्हणजे खरंच मागच्या दारानंच आलं.

आता दोन डाउट. एक, डेव्हएमवाला आपोआप सुटतो पण केव्हीवाला? दोन, साहेबांना आता रीड नको, एममॅप पाहिजे, युजरस्पेसनं थेट रिंग वाचायची. केव्हीझॅलॉकचा बफर एममॅप करता येते का?

रूट_ताई

पहिलं: ५.१५ मध्ये केव्हीमॅलॉकचा डेव्हएमवाला भाऊ नाही. डेव्हएम_अ‍ॅड_अ‍ॅक्शन_ऑर_रीसेट वापरून छोटं फंक्शन नोंदवा, आत फक्त केव्हीफ्री. मग प्रोब मध्येच कुठं फेल झाला तरी लीक होणार नाही. पण क्रम सांभाळा, डेव्हएम उलट्या क्रमानं सोडतं. आयआरक्यू (इंटरप्ट) बफरच्या नंतर नोंदवला असेल तर आधी आयआरक्यू जाईल, मग बफर. उलटं केलंत तर बफर गेल्यावरही हँडलर त्यात लिहीत बसेल, आणि ते तुम्हाला कासान (मेमरीच्या चुका पकडणारं कर्नलचं साधन) लावल्याशिवाय सापडणार नाही. टेस्ट कर्नलमध्ये कासान आणि डीबग_अ‍ॅटॉमिक_स्लीप दोन्ही चालू ठेवाच, मशीन हळू होईल पण असले प्रकार पहिल्याच दिवशी ओरडून सांगतात.

दुसरं: एममॅप करायचा असेल तर केव्ही नको. कारण तेच, मेमरी कोणत्या घरची हे ठरलेलं नसतं, आणि दोन्हींना मॅप करायची रीत वेगळी. इथं सरळ व्हीमॅलॉक_युजर घ्या आणि एममॅपच्या फंक्शनमध्ये रीमॅप_व्हीमॅलॉक_रेंज. व्हीमॅलॉक_युजर मेमरी शून्य करून देतं, म्हणजे कर्नलचा जुना डेटा युजरला दिसत नाही, हे केमॅलॉकनं घेऊन स्वतः मॅप करणारे हमखास विसरतात. सोडायला व्हीफ्री. साइझ पेजच्या पटीतच धरा, आणि हेड-टेल युजरलाही दाखवायचे असतील तर त्यांना त्याच बफरच्या पहिल्या पेजमध्ये ठेवा, स्पिनलॉक मात्र तिथं नको. युजरस्पेसला लिहायची परवानगी दिलीत तर टेल वाचताना हँडलरनं त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवायचा नाही, रिंगच्या आत आहे का ते प्रत्येक वेळी तपासायचं.